जमिनीवरून धनुष्याची शिकार (कोकण)

सांबर, भेकर, रानडुक्कर, ससा यांसारख्या वन्य प्राण्यांची मचाणावर न चढता, जमिनीवरच दबा धरून किंवा माग काढत जवळ जाऊन तिरकमठ्याने केलेली शिकार. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या पट्ट्यात वारली, कातकरी यांसारख्या समाजांच्या रानातल्या जगण्याचा ती एक भाग होती. भारतात ती आता बेकायदेशीर आहे. उत्तर अमेरिकेत मात्र परवाना घेऊन ठरलेल्या हंगामात ती करता येते, आणि तिच्या तंत्राविषयीचे बरेचसे लेखन तिकडचेच आहे. त्या लेखनाच्या मुळाशीही एक आदिवासी शिकारीच आहे. ‘याही’ जमातीचा इशी 1911 साली कॅलिफोर्नियात एकटाच उरलेला आढळला आणि 1916 मध्ये वारला. मधल्या काळात त्याने सॅक्स्टन पोप या शल्यविशारदाला आपली धनुर्विद्या शिकवली, आणि पोपने ती लिहून काढली.

रत्नागिरी व सिंधुदुर्गातील सड्यांवर, म्हणजे कातळाच्या सपाट माळांवर, कोरलेल्या कातळशिल्पांत हत्ती, गेंडा, मासे अशा आकृती आहेत, शेतीची खूण मात्र दिसत नाही. म्हणून अभ्यासक ती शिकार व अन्नसंकलनावर जगणाऱ्या लोकांची मानतात. उक्षी, कशेळी, बारसू, कुडोपी यांसह काही स्थळे 2022 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आली. एवढ्यावरून कोकणातील धनुष्याचे वय काढणे मात्र घाईचे ठरेल.

या शिकारीत सगळे अवलंबून असते ते अंतरावर. बंदुकीची गोळी आघाताने जनावर पाडते. बाण तसे करत नाही. त्याचे धारदार पाते रक्तवाहिन्या व फुफ्फुसे कापते आणि जनावर रक्तस्रावाने पडते. त्यामुळे पाते बोथट असेल किंवा नेम ढळला असेल, तर हाती काही लागत नाही आणि जखमी जनावर रानात तडफडत राहते. साध्या धनुष्याचा बाण सेकंदाला सुमारे 50 मीटर जातो, म्हणजे 20 मीटर अंतर कापायला त्याला 0.4 सेकंद लागतात. दोरीचा आवाज तेवढ्याच अंतरावर 0.06 सेकंदात पोचतो. उरलेल्या वेळात सावध हरिण पळण्यासाठी पाय दुमडून अंग खाली घेते आणि बाण पाठीवरून निघून जातो. हॉलेस ॲलन याला 1969 साली पेटंट मिळालेल्या चाकांच्या धनुष्याने, म्हणजे कंपाउंड बोने, बाणाचा वेग सेकंदाला 90 मीटरच्या आसपास नेला. तरीही आवाज बाणाच्या पुढेच राहिला आणि जवळ जाण्याची गरज काही संपली नाही.

जवळ जायचे तर वारा सांभाळावा लागतो. मचाणावरच्या माणसाचा वास बऱ्याच वेळा जनावराच्या डोक्यावरून निघून जातो. जमिनीवर बसलेल्याचा वास त्याच्या नाकाच्या उंचीवरूनच वाहतो. कोकणात दिवसा समुद्राकडून खारे वारे येतात आणि रात्री जमिनीकडून मतलई वारे सुटतात. सकाळी उन्हे चढताना आणि पुन्हा संध्याकाळी या दोहोंची अदलाबदल होत असताना काही वेळ वारा पडतो किंवा गोल फिरू लागतो. हरणे चरायला व पाण्यावर येतात तीही नेमकी याच सुमारास, आणि किनारपट्टीवरची ही शिकार अवघड होते ती मुख्यतः यामुळे. डोंगराच्या कुशीत त्यात आणखी भर पडते, कारण तापलेल्या उतारावरून हवा वर चढते आणि सावली पडली की घळीतून खाली उतरते. पहाटे पऱ्याच्या (ओढ्याच्या) ज्या बाजूला बसणे बरोबर, तीच बाजू दहा वाजता चुकीची ठरते. चिमूटभर राख किंवा माती बोटांतून सोडून वारा पाहणे ही म्हणूनच सतत करत राहण्याची गोष्ट असते. पेहरावाच्या रंगाचे महत्त्व त्यामानाने कमी आहे, कारण हरणाला लाल व नारिंगी छटा नीट ओळखू येत नाहीत. हललेला हात मात्र त्याच्या लगेच लक्षात येतो.

पायाखालची जमीनही ऋतूगणिक बदलते. फाल्गुन-चैत्रात ऐन, साग, किंजळ यांच्या पाचोळ्यावरून आवाज न करता चालणे जवळपास अशक्य असते, म्हणून तेव्हा माग काढण्यापेक्षा दबा धरणे बरे. काटेसावरीची गळलेली फुले खायला भेकर व सांबर येतात, आणि उन्हाळा वाढला की आटत चाललेल्या पाणवठ्यांवर जनावरांची ये-जा एकवटते; रायगडातील फणसाडच्या रानात अशा पाणवठ्यांना गाण म्हणतात. कातळाच्या सड्यावर खूर उमटत नाहीत, त्यामुळे माग शोधायचा तो पऱ्याच्या कडेच्या चिखलात किंवा भातखाचराच्या बांधावर. पावसाळ्यात पाचोळा ओला होऊन पाऊल वाजत नाही, पण कळकाचे (बांबूचे) धनुष्य दमट हवेत सैलावते, दोरी ताणते आणि बाणाची पिसे भिजून चिकटतात. भेकराने एकदा माणूस हेरला की ते कुत्र्यासारखे भुंकू लागते, आणि त्या रानातले त्या दिवसाचे काम तिथेच संपते.

बाण सोडायचा तो जनावर आडवे किंवा किंचित पाठमोरे असताना, पुढच्या पायाच्या मागे. जमिनीवरून सोडलेला बाण आडवा जात असल्याने दोन्ही फुफ्फुसे भेदली जाण्याची शक्यता जास्त असते. मात्र आरपार जखम अंगाच्या मध्यावर होते आणि रक्त बाहेर ठिबकायला वेळ लागतो. फिकट लाल, फेसाळ रक्त फुफ्फुसाचे, गडद रक्त बहुधा यकृताचे, आणि हिरवट घाण लागलेला बाण पोटाचा. पहिल्या प्रकारात अर्धा तास थांबून माग धरतात. शेवटच्यात कित्येक तास थांबावे लागते, कारण घाईने पाठलाग केल्यास जनावर उठून दूर निघून जाते. कोकणच्या उष्ण हवेत एवढा वेळ थांबले की मांस खराब होण्याचा धोका असतो.

याच अडचणींमुळे असेल, पण एकट्याने धनुष्य घेऊन सांबरामागे जाणे हा पोट भरण्याचा मुख्य मार्ग कधी असावा असे वाटत नाही. कातकऱ्यांच्या आहारात उंदीर, ससे, खेकडे, मासे यांचा वाटा मोठा होता, आणि त्यासाठी गलोल, फासकी व बीळ उकरण्याचे कसब अधिक कामाचे. मोठ्या जनावरांसाठी गाव मिळून रान हाकत असे. पुढे त्यात ठासणीच्या बंदुका आल्या. आज वनखात्याकडे पोचलेल्या तक्रारींत फासक्या व बंदुकाच अधिक असतात, तिरकमठा क्वचितच. फणसाड हे तर जंजिऱ्याच्या नवाबाचे राखीव शिकारीचे रान होते. 1986 मध्ये ते अभयारण्य झाले.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 मधील शिकारीची व्याख्या हत्यारावर अवलंबून नाही. मारणे, पकडणे, फासे लावणे, हाकणे, आमिष दाखवणे आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे तिच्यात येते. म्हणजे दबा धरून बसलेल्याचा बाण सुटला नाही तरी गुन्हा घडू शकतो. 2022 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या अनुसूचीतील प्राण्याच्या शिकारीला, उदाहरणार्थ पिसोरी या छोट्या हरणासारख्या प्राण्याच्या, किमान तीन व कमाल सात वर्षांचा कारावास आणि किमान 25,000 रुपये दंड आहे. भात-नाचणीची नासाडी करणाऱ्या रानडुकराबाबत कलम 11 खाली अधिकृत अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. शेतीसंरक्षणासाठी मिळालेला बंदुकीचा परवाना म्हणजे ही परवानगी नव्हे, हे कोकणातल्या बागायतदारांना अनेकदा गुन्हा दाखल झाल्यावरच समजते.