उंदीर लवकर पोहोचला, म्हणजे त्याची स्मरणशक्ती वाढली का?

'अमुक वनस्पतीच्या अर्काने उंदरांची स्मरणशक्ती वाढली' अशी बातमी आली की आधी पाहावं, नक्की मोजलं काय? पुष्कळदा मोजलेले असतात ते सेकंद: पाण्याच्या हौदात लपवलेला चौथरा शोधायला उंदराला लागलेले.

ही चाचणी रिचर्ड मॉरिस यांनी १९८१ साली मांडली. दीड-दोन मीटर व्यासाचा गोल हौद, पाणी गढूळ करायला दूध पावडर किंवा बिनविषारी पांढरा रंग, पृष्ठभागाखाली एक-दोन सेंटिमीटरवर छोटा चौथरा आणि हौदाबाहेर भिंतींवर ठळक आकृत्या. उंदराला दर वेळी वेगळ्या ठिकाणाहून सोडतात, म्हणून पाठ केलेली वळणं कामाला येत नाहीत; आकृत्यांच्या संदर्भाने जागाच लक्षात ठेवावी लागते. हिप्पोकॅम्पसला (मेंदूचा जागा लक्षात ठेवणारा भाग) इजा झालेला उंदीर इथे भरकटतो, पण चौथरा पाण्यावर दिसू लागला की तो नीट गाठतो.

खरी गोम सेकंदांत आहे. घाबरलेला उंदीर काठाला चिकटून पोहतो आणि काठापासून दूर असलेल्या चौथऱ्यापर्यंत पोहोचतच नाही. त्याला भीती कमी करणारं औषध दिलं तर तो मोकळा फिरतो, चौथरा लवकर सापडतो, आणि आकडा स्मरणशक्ती वाढल्यासारखा दिसतो! शिवाय काठापासून ठरावीक अंतर राखून गोल गोल पोहणाऱ्या उंदराच्या वाटेत चौथरा कधीतरी येतोच. जागा आठवायची गरजच नाही. वेगाने पोहणाराही कमी सेकंद घेतो. म्हणून पोहण्याचा वेग आणि कापलेलं अंतर वेगळं मोजावंच लागतं.

निर्णायक फेरी शेवटची. चौथरा काढून टाकायचा आणि उंदराला ६० सेकंद पोहू द्यायचं. हौदाचे मनाने चार भाग केले, तर आठवण नसलेला उंदीर प्रत्येक भागात साधारण २५ टक्के वेळ घालवेल. जागा आठवणारा मात्र चौथऱ्याच्या जुन्या भागातच घिरट्या घालतो. ही फेरी नसलेल्या प्रयोगावरून स्मरणशक्तीचं औषध विकणं ही सरळ दिशाभूल आहे.

बारीक चुकाही महागात पडतात. पाणी फार थंड असेल तर उंदीर गारठतो आणि त्याचं पोहणं मंदावतं. फेऱ्यांच्या मध्ये त्याला कोरडं करून उबेत ठेवावं लागतं. प्रयोगशाळेतल्या छोट्या उंदरांच्या (माऊस) काही जातींची दृष्टी जन्मानंतर काही आठवड्यांतच जाते; त्यांना आकृत्या दिसतच नाहीत. आणि संशोधक रोज एकाच कोपऱ्यात उभा राहिला, तर उंदीर त्यालाच खूण मानतो.