व्याध तेजस्वी की अगस्त्य?

‘आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा व्याध.’ शाळेच्या भिंतीपासून व्हॉट्सॲपपर्यंत हे वाक्य वाचून कंटाळलो. ‘दिसायला’ एवढा एक शब्द घातला की ते बरोबर होतं, पण तो घालायचा कोणाला सुचत नाही.

व्याध तुम्हाला ठाऊकच आहे: मृगातल्या तीन ताऱ्यांच्या बाणाच्या रेघेत. अगस्त्य हा दुसरा तारा, त्याच्या बराच खाली. जानेवारीत रात्रीची लाईट आली म्हणून यावल-रावेरकडे केळीचं ठिबक सुरू करायला गेलात, तर अकराच्या सुमारास दक्षिणेला, अजिंठ्याच्या डोंगरांच्या बाजूला बघा. क्षितिजापासून जेमतेम १६ अंश वर.

आता खरा घोळ. ताऱ्याची दृश्य प्रत म्हणजे आपल्याला तो किती उजळ दिसतो ते. (आकडा जितका लहान तितका तारा उजळ, हा उलटा हिशेब पाठच करायचा.) व्याधाची प्रत उणे १.४६, अगस्त्याची उणे ०.७४. म्हणजे अगस्त्य दिसायला साधारण निम्मा. पण ताऱ्याचं स्वतःचं तेज ही निराळी गोष्ट. व्याध सूर्याच्या सुमारे २५ पट तेजस्वी, अगस्त्य दहा हजार पटींच्याही वर! व्याध ८.६ प्रकाशवर्षांवर आहे (प्रकाशवर्ष म्हणजे काळ नव्हे, प्रकाश वर्षभरात जेवढा लांब जातो तेवढं अंतर), अगस्त्य ३१० च्या आसपास. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाईवर येतो. इथे तर अंतर ३६ पट.

शेजारच्या वाफ्यातून कोणी बॅटरी डोळ्यांवर मारली तर आपण डोळे मिटतो, आणि भुसावळकडे तापीच्या पुलावर आलेल्या इंजिनाचा दिवा लांबून ठिपका दिसतो. म्हणून बॅटरी इंजिनापेक्षा मोठी असं कोणी म्हणत नाही. ताऱ्यांच्या बाबतीत मात्र बिनदिक्कत म्हणतात.

खगोलवाले यासाठी सगळे तारे मनातल्या मनात ३२.६ प्रकाशवर्षांवर आणून ठेवतात. त्या अंतरावरून जी प्रत येईल ती निरपेक्ष प्रत. मला तीच खरी वाटते. तिथे आपला सूर्य ४.८ प्रतीचा, गावातल्या दिव्यांत सापडणारही नाही असा. व्याध १.४. आणि अगस्त्य शुक्रालाही मागे टाकेल.

 

आपल्याकडून अगस्त्य आणखी थोडा फिका दिसतो. तो इतका खाली असतो की त्याचा उजेड हवेच्या जाड थरातून येतो, त्यात क्षितिजावरचा धुरळा.