उतारवयातील ताकदीचे व्यायाम

वजन, रबरी पट्टा, यंत्र किंवा स्वतःच्याच शरीराचा भार यांच्याविरुद्ध स्नायूंना जोर लावायला लावणारे आणि तो भार टप्प्याटप्प्याने वाढवत नेणारे व्यायाम. साठीनंतर ते मुख्यतः स्नायूंची झीज रोखण्यासाठी, पडणे टाळण्यासाठी आणि हाडे टिकवण्यासाठी करतात. डंबेल्स, घोट्याला बांधायची वजने, हात न टेकता खुर्चीतून उठणे, भिंतीवर हात टेकून काढलेले जोर हे त्यांचे नेहमीचे प्रकार.

तिशीनंतर दर दहा वर्षांत माणसाचे सुमारे ३ ते ८ टक्के स्नायू कमी होतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. ताकद मात्र स्नायूंच्या आकारापेक्षाही लवकर घटते. सर्वांत आधी झिजतात ते झटकन आकुंचन पावणारे तंतू. ठेच लागली की पाऊल पटकन पुढे टाकून तोल सावरण्याचे काम त्यांचेच असल्यामुळे ही झीज आरशात दिसण्याआधी जिन्यावर आणि न्हाणीघरात जाणवते. वयाबरोबर होणाऱ्या या झिजेला अमेरिकी संशोधक अर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ मध्ये ‘सार्कोपेनिया’ हे नाव सुचवले. आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषांनुसार हाताची पकड पुरुषांत २८ किलोपेक्षा आणि स्त्रियांत १८ किलोपेक्षा कमी असेल, तर ताकद कमी मानतात. हात न वापरता खुर्चीतून पाच वेळा उठून बसायला १२ किंवा अधिक सेकंद लागणे, हीदेखील धोक्याची खूण समजतात. ही दुसरी चाचणी कोणीही घरी करून पाहावी अशी आहे.

म्हाताऱ्या माणसाने जड उचलू नये, हा सल्ला घरोघरी दिला जातो. त्याला पहिला मोठा धक्का बॉस्टनमधील वृद्धांच्या एका पुनर्वसन केंद्रात बसला. मारिया फियाटारोनी आणि सहकाऱ्यांनी तेथील नव्वदीच्या आसपासच्या दहा अशक्त रहिवाशांना आठ आठवडे मांड्यांचे व्यायाम करायला लावले, आणि तेही हलक्या वजनाचे नव्हेत, तर झेपेल त्या कमाल वजनाच्या ८० टक्क्यांपर्यंत नेलेले. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे जवळजवळ पावणेतीन पट झाली. मांडीचा स्नायू मात्र सुमारे ९ टक्केच वाढला होता. ही तफावत फार बोलकी आहे. सुरुवातीच्या आठवड्यांतली बरीचशी वाढ मज्जासंस्थेची असते: जे तंतू आहेत त्यांना एकदम कामाला लावायला मेंदू शिकतो. नव्वदीतही हे शिकणे शिल्लक असते. प्रयोगातली दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची, पण तिच्याबद्दल कमी बोलले जाते. व्यायाम थांबवल्यावर चार आठवड्यांतच कमावलेल्या ताकदीला मोठी गळती लागली.

हाडांबाबतचा ठळक पुरावा ऑस्ट्रेलियातून आला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रजोनिवृत्तीनंतरच्या, हाडांची घनता कमी असलेल्या स्त्रियांनी आठ महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास देखरेखीखाली जड वजने उचलली. त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता २.९ टक्के वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्या गटात ती १.२ टक्के घटली. मधुमेहातही लाभ होतो, कारण रक्तातली साखर सर्वांत जास्त शोषून घेणारा अवयव स्नायूच आहे. गुडघ्याच्या संधिवातात मांडीचा पुढचा स्नायू बळकट केल्यास वेदना कमी होतात. आपल्याकडे मात्र ‘गुडघे गेले’ म्हणून मांडी घालणे, जमिनीवर बसणे आणि जिना एकदमच सोडला जातो. मग मांडीचे स्नायू आणखी झिजतात आणि गुडघ्यावरचा भार वाढतो.

महाराष्ट्रातल्या शहरांत सकाळी फिरायला जाणारे ज्येष्ठ पुष्कळ दिसतात. चालणे हृदयाला उत्तम, पण स्नायूंना वाढीव भार ते देत नाही, त्यामुळे झीज रोखायला ते पुरे पडत नाही. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत ६५ वर्षांवरील व्यक्तींसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटांच्या मध्यम हालचालीखेरीज निदान दोन दिवस स्नायू बळकट करणारे व्यायाम आणि तीन दिवस तोल व ताकद साधणारा मिश्र व्यायाम सांगितला आहे.

व्यवहारात मोठ्या स्नायूगटांचे सहा ते आठ प्रकार, प्रत्येकी ८ ते १२ आवर्तने पुरतात. शेवटची दोन आवर्तने कष्टाने व्हायला हवीत. बारा सहज जमू लागली की भार वाढवायचा. वर्षानुवर्षे एकाच डंबेलने हात हलवणे म्हणजे वेळ घालवणे होय. जोर लावताना श्वास रोखू नये, कारण त्याने रक्तदाब एकदम चढतो. दुसऱ्या दिवशी स्नायू दुखणे स्वाभाविक, सांध्यात कळ येणे नव्हे. आटोक्यात नसलेला रक्तदाब, छातीत दुखणे, नुकतीच झालेली डोळ्याची शस्त्रक्रिया किंवा मणक्याचा अस्थिभंग असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे आणि सुरुवात फिजिओथेरपिस्टच्या नजरेखाली करावी.

आहारात ज्येष्ठांना वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रथिने असावीत, असे अनेक तज्ज्ञ सुचवतात. मूत्रपिंडाचा विकार असल्यास हे प्रमाण डॉक्टरच ठरवतात. चहा-बिस्किटे आणि वरण-भातावर दिवस काढणाऱ्याला ते गाठणे अवघडच. पण नुसते खाऊनही भागत नाही: फियाटारोनी यांच्याच १९९४ च्या, शंभर वृद्धांवरील चाचणीत व्यायामाने पायांची ताकद दुपटीहून अधिक झाली, तर फक्त पूरक आहार घेणाऱ्यांच्या अशक्तपणात फरक पडला नाही.