धंदा बंद, थकबाकी चालू: कराच्या वैयक्तिक जबाबदारीची पार्श्वभूमी

शटर ओढलं, जीएसटी नोंदणी रद्द झाली, म्हणजे सुटलो, असं छोटे व्यावसायिक धरून चालतात. एकल मालकाला तर सुटका नाहीच. कायद्याच्या नजरेत दुकान आणि मालक एकच. भागीदारीतही 1932 च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक भागीदार पूर्ण रकमेला बांधील आहे.

खरा बदल झाला तो प्रायव्हेट लिमिटेडमध्ये. कंपनी वेगळी, संचालक वेगळा, हे तत्त्व 1896 च्या ‘सॉलोमन’ या ब्रिटिश निकालापासून रूढ आहे. 1961 च्या आयकर कायद्याने कलम 179 मध्ये त्याला अपवाद केला: कंपनीकडून न मिळालेला कर संचालकांकडून वसूल करायचा, पण फक्त अवसायनात गेलेल्या, म्हणजे कायदेशीररीत्या गुंडाळल्या जाणाऱ्या कंपनीपुरता. मग कंपनी गुंडाळायचीच नाही, नुसती रिकामी करून सोडून द्यायची, ही पळवाट उरली. 1975 च्या दुरुस्तीने अवसायनाची अट काढून ती बुजवली. थकीत ‘करा’त दंड येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने 2010 मध्ये म्हटलं, 2013 मध्ये संसदेने व्याज आणि दंडही त्यात घातले. 2025 च्या नव्या आयकर कायद्यातही ही तरतूद कायम आहे.

जीएसटी कायद्याने 2017 मध्ये कलम 89 ने संचालकांना आणि 90 ने भागीदारांना तसंच बांधलं. कलम 90 मध्ये भलेभले अडकतात. निवृत्तीपत्रावर 31 मार्चला सह्या झाल्या, पण जीएसटी विभागाला कळवलं 20 ऑगस्टला, तर मधल्या चार महिने वीस दिवसांचा कर, व्याज आणि दंडही निवृत्त भागीदाराच्या डोक्यावर. कळवायची मुदत एक महिना. ‘जुनी देणी उरलेले भागीदार फेडतील’ हा करारातला मजकूर विभागाला बांधत नाही. तो आपसातल्या वसुलीपुरता.

नोंदणी रद्द करायचा अर्ज आरईजी-16 या फॉर्ममध्ये. शिल्लक मालावर घेतलेलं क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) किंवा त्या मालावरचा विक्रीचा कर, यांतली मोठी रक्कम भरायची. बंद करताना नेमकी हीच विसरली जाते. रद्द झाल्यावर तीन महिन्यांत अंतिम विवरणपत्र, जीएसटीआर-10. नोंदणी रद्द झाली तरी आधीच्या काळाची देणी कलम 29(3) प्रमाणे शाबूत राहतात.

संचालकाचा मुख्य बचाव: वसुली न होण्यामागे आपला घोर निष्काळजीपणा, गैरवर्तन किंवा कर्तव्यभंग नाही, हे सिद्ध करणं. तो भार त्याच्यावरच. राजीनामाही आपोआप वाचवत नाही, कारण आयकरात थकबाकी ज्या वर्षाची, त्या वर्षात एक दिवस संचालक असला तरी पुरतं. म्हणून सभांची इतिवृत्तं, बँकेचे उतारे आणि राजीनाम्याचा डीआयआर-12 (संचालक बदलल्याचं कळवणारा कंपनीचा फॉर्म) जपून ठेवावा. नोटीस येईस्तोवर कंपनीचं दफ्तर सहसा हाती राहत नाही.