मोटारसायकलचा रंगलेप : निगा आणि पुनरुज्जीवन

मोटारसायकलची पेट्रोलची टाकी, मडगार्ड, बाजूची पॅनेल, दिव्याभोवतीचे कवच आणि सांगाडा यांवरील रंगलेप स्वच्छ करणे, त्यावरील ओरखडे, डाग आणि फिकटपणा काढून मूळची झिलई परत आणणे व ती टिकावी म्हणून वर संरक्षक लेप देणे, या सगळ्या कामांना मिळून डिटेलिंग म्हणतात. पॉलिशने ओरखडा भरून निघतो अशी सर्वसाधारण समजूत आहे, पण प्रत्यक्षात उलटे घडते. ओरखड्याच्या भोवतालचा लेप घासून ओरखड्याच्या तळापर्यंत खाली आणला जातो आणि त्यामुळे ओरखडा दिसेनासा होतो. झिलई परत आणताना दर वेळी लेपाची थोडी जाडी खर्च होते आणि ती पुन्हा मिळत नाही. म्हणून कमीत कमी लेप काढून पुरेशी चमक मिळवणे हेच या कामातले खरे कौशल्य आहे.

थरांची रचना

आजच्या बहुतेक मोटारसायकलींवर पत्र्यापासून वर मोजत गेल्यास आधी गंजरोधक थर व प्रायमर, त्यावर रंगद्रव्याचा थर आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. चमक, खोली आणि ऊन-पावसापासूनचे संरक्षण या तिन्ही गोष्टी मुख्यतः या पारदर्शक थरावर अवलंबून असतात. त्याची जाडी साधारण 35 ते 50 मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीहून बहुधा कमीच असते. अतिनील किरण शोषणारी द्रव्ये याच थरात मिसळलेली असल्याने तो फार पातळ झाला की उन्हात खालचा रंग विटू लागतो आणि काही काळाने थराचे पांढुरके पोपडे निघतात. पोपडे निघू लागलेला थर कोणत्याही पॉलिशने सावरता येत नाही.

जुन्या गाड्यांवर मात्र क्लिअर कोट नसतो. भट्टीत तापवून पक्के केलेले इनॅमल आणि 1920च्या दशकापासून वाहनांवर आलेले नायट्रोसेल्युलोज लॅकर यांत रंगद्रव्य आणि चमक एकाच थरात असतात. ओळखण्याची खूण सोपी आहे. टाकीच्या खालच्या, सहसा न दिसणाऱ्या भागावर पांढऱ्या कापडाने थोडे पॉलिश घासावे. कापडावर गाडीचाच रंग उतरला तर लेप एकथरी आहे असे समजावे. लाल रंगाच्या जुन्या टाकीवर दोन-तीन हात फिरवताच कापड गुलाबी होते, आणि वरची खडूसारखी मेलेली पापुद्री निघून खालचा गडद लाल उजळून वर येतो.

मोटारसायकलचे वेगळेपण

मोटारगाडीत माणूस आत बसतो, मोटारसायकलवर तो रंगाला टेकून बसतो. त्यामुळे झिजेच्या जागा ठरलेल्या असतात. गुडघे टेकतात तिथे टाकीच्या दोन्ही बाजू धुरकट होतात, जॅकेटची चेन किंवा पट्ट्याचे बक्कल टाकीच्या मागच्या उतारावर उभे चरे पाडते, बुटांच्या टाचा सांगाड्याच्या नळ्यांचा रंग घासून काढतात आणि किल्लीला लटकवलेला जुडगा हँडलजवळच्या भागावर सतत आपटत राहतो. पेट्रोलच्या झाकणाभोवती सांडलेल्या थेंबांनी पिवळसर कडे पडते, आणि लॅकरसारखा जुना लेप असेल तर तो तिथे मऊही पडतो. पुढच्या चाकाने उडवलेले खडे सांगाड्याच्या पुढच्या नळीवर आणि मडगार्डच्या मागच्या टोकावर टवके पाडतात.

दुसरे वेगळेपण आकाराचे आहे. टाकीवर सपाट भाग जवळजवळ नसतोच, सगळीकडे वळणे आणि कडा असतात. फवारलेला रंग सुकताना कडेवरून ओसरतो, त्यामुळे कडेवर लेप मुळातच पातळ राहतो आणि पॉलिशच्या पॅडचा दाबही नेमका तिथेच एकवटतो. अनुभवी कारागीर कडांवर आधी मास्किंग टेप लावून घेतात, मगच यंत्र हातात घेतात. स्टिकर क्लिअर कोटखाली असेल तर त्याच्या काठावर लेपाचा बारीक उंचवटा असतो आणि तो सर्वांत आधी घासला जातो. पॅनेल प्लॅस्टिकचे असेल तर पत्र्याप्रमाणे उष्णता पसरत नाही, एकाच जागी साठते आणि काही सेकंदांत लेप करपू शकतो. शिवाय लेपाची जाडी मोजणारी नेहमीची उपकरणे धातूवरच चालतात. प्लॅस्टिकसाठी ध्वनिलहरींवर चालणारे वेगळे उपकरण लागते, आणि ते नसेल तर जाडी कमीच आहे असे धरून चालावे.

धुणे आणि पृष्ठभाग मोकळा करणे

बहुतेक बारीक ओरखडे गाडी धुताना आणि पुसतानाच पडतात. धुळीने भरलेल्या टाकीवर कोरडे फडके फिरवणे ही सर्वांत जास्त नुकसान करणारी सवय आहे, कारण धुळीतले वाळूचे कण रंगापेक्षा कठीण असतात. गाडी सावलीत, इंजिन पूर्ण थंड असताना धुवावी. चेनचे वंगण आणि चाकांवरचा चिखल आधी वेगळ्या ब्रशने व वेगळ्या फडक्याने काढावा आणि ते फडके पुन्हा टाकीला लागू देऊ नये. रंगीत भागांसाठी सौम्य शॅम्पू, एका बादलीत साबणपाणी आणि दुसऱ्या बादलीत फडके खळबळून घेण्यासाठी साधे पाणी, अशी पद्धत उत्तम. जोराच्या फवाऱ्याने पाणी मारणे मोटारसायकलला मानवत नाही. चाकांची व हँडलची बेअरिंग, चेनच्या कड्या आणि विजेच्या जोडण्या यांत पाणी शिरते व आतले ग्रीस धुऊन जाते.

पक्ष्यांची विष्ठा, झाडाचा चीक आणि किडे यांत लेपाला खाणारी द्रव्ये असतात. ती कोरडी खरवडू नयेत. ओले फडके काही मिनिटे वर ठेवून मऊ करून उचलावीत. क्षारयुक्त पाणी सुकून पडलेले पांढरे ठिपके ताजे असतील तर पातळ केलेल्या व्हिनेगरने विरघळतात, मात्र त्यांनी लेपात खड्डा पाडला असेल तर पॉलिश करण्यावाचून उपाय नाही.

धुऊन झाल्यावरही लेपात रुतलेले कण राहतात. हाताला पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून टाकीवरून बोटे फिरवली तर ते खरखरीत लागतात, उघड्या बोटांना तितके कळत नाही. ब्रेकच्या झिजेतून उडालेले लोहकण विरघळवणारे द्रावण फवारले की त्यांच्या जागी जांभळे ओघळ दिसतात. उरलेले कण डिटेलिंगच्या मातीने (क्ले बार नावाच्या मऊ, चिकट गोळ्याने), भरपूर निसरड्या द्रावणावरून ती हलक्या हाताने सरकवत काढावेत. माती जमिनीवर पडली तर ती टाकून द्यावी, तिला चिकटलेला एक खडासुद्धा नवे चरे पाडतो.

पॉलिशिंग

तपासणी उन्हात किंवा एकाच तेजस्वी दिव्याखाली करावी. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे दिसतात, पण ओरखडे खरोखर वर्तुळाकार नसतात. ते सर्व दिशांना पसरलेले असतात, आणि त्यांपैकी प्रतिबिंबाभोवती आडवे पडलेलेच प्रकाश डोळ्यांकडे परतवतात. दिवा हलवला की जाळेही त्याच्यासोबत सरकते. चरा किती खोल आहे हे नखाने कळते. नख अडकत असेल तर तो पॉलिशने पूर्ण काढण्याचा हट्ट धरू नये. त्याच्या कडा थोड्या गोलसर केल्या तरी तो नजरेत भरेनासा होतो, आणि लेप शिल्लक राहतो.

पॉलिश आणि कंपाउंड (म्हणजे अधिक तिखट, जाडसर पॉलिश) यांत ॲल्युमिनियम ऑक्साइडसारखे अतिबारीक कठीण कण असतात. कोणता कण आणि कोणता पॅड लागेल हे आधी हातभर जागेत, सर्वांत सौम्य जोडीपासून सुरुवात करून ठरवावे. ओरखडे निघाले नाहीत तरच अधिक तिखट कंपाउंडकडे जावे. थेट लोकरी पॅड आणि जाडे कंपाउंड घेऊन सुरुवात करणारा कारागीर वेळ वाचवतो, पण त्याची किंमत लेप मोजतो. यंत्रांत एकाच अक्षावर फिरणारे रोटरी यंत्र जलद काम करते, मात्र उष्णता अधिक निर्माण करते आणि हात चुकल्यास सरकत्या सावल्यांसारखे पट्टे उमटवते. फिरता फिरता डोलणारे ड्युअल ॲक्शन यंत्र सावकाश पण सुरक्षित चालते. मोटारसायकलसाठी 1 ते 3 इंची पॅड सोयीचे पडतात, आणि झाकणाभोवतीच्या खाचा व बिल्ल्यांच्या कडा हातानेच कराव्या लागतात. पॅड पृष्ठभागाला समांतर ठेवून, प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर अर्धी चढवत, सावकाश काम करावे आणि मधूनमधून हाताच्या पाठीने उष्णता तपासावी. शेवटी पातळ केलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्यावरच खरे चित्र कळते, कारण पॉलिशमधली तेले उरलेले ओरखडे तात्पुरते झाकून टाकतात.

मॅट रंगाला यातले काहीही लागू नाही. त्याची मंदता पृष्ठभागाच्या सूक्ष्म खडबडीतपणामुळे असते, आणि तो घासला की तिथे कायमचा चकाकता ठिपका पडतो. गुडघ्यांच्या जागी मॅट टाकी आपोआप चकाकू लागते ती यामुळेच. तिचे फक्त सौम्य धुणे आणि मॅटसाठीच बनवलेले लेप चालतात.

टवके आणि नव्याने रंगकाम

पत्रा उघडा पडला असेल तर गंज काढून प्रायमर, रंग आणि क्लिअर कोट यांचे पातळ थर बारीक ब्रशने, प्रत्येक थर सुकू देऊन भरावेत. उंचवटा 2000 व नंतर 3000 ग्रिटच्या पाण्याच्या पॉलिश पेपरने समतल करून मग पॉलिश करावे. मेटॅलिक रंगात ब्रशने भरलेला ठिपका तंतोतंत जुळत नाही, कारण फवारलेल्या रंगातले ॲल्युमिनियमचे चपटे कण वेगळ्या तऱ्हेने पहुडलेले असतात. कँडी रंगात तर पारदर्शक रंगीत थराच्या जाडीवरच छटा ठरते, म्हणून तिथे बहुधा सबंध भागच पुन्हा रंगवावा लागतो.

सबंध टाकी रंगवायची झाल्यास ती गाडीवरून उतरवून पूर्ण रिकामी करावी. रिकाम्या टाकीतली पेट्रोलची वाफ भरल्या टाकीपेक्षा अधिक धोकादायक असते, म्हणून तिच्याजवळ ज्योत किंवा ठिणगी येऊ देऊ नये. दोन घटक मिसळून वापरायच्या क्लिअर कोटच्या हार्डनरमधील (थर कडक करणाऱ्या घटकातील) आयसोसायनेट या रसायनामुळे दमा जडू शकतो, आणि साधा धुळीचा मुखपट्टा त्यापासून वाचवत नाही. नव्या रंगातली विद्रावके बाहेर पडेपर्यंत, म्हणजे काही आठवडे, त्यावर मेण चढवू नये.

संरक्षक लेप

कार्नोबा मेण ब्राझीलमधील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांपासून मिळते. ते उबदार चमक देते, पण काही आठवड्यांत ते उतरते. कृत्रिम सीलंट काही महिने टिकतात. सिलिकावर आधारित सिरॅमिक लेप त्याहून दीर्घकाळ टिकतो, पाणी व मळ चिकटू देत नाही, मात्र तो खड्यांचे टवके रोखत नाही आणि त्याखाली राहिलेला ओरखडाही त्याच्याबरोबर टिकून राहतो. गुडघ्यांच्या जागी कोणताही लेप लवकर झिजतो. तिथे पारदर्शक फिल्म लावणे अधिक उपयुक्त ठरते.

मूळ रंगाचे मोल

जुन्या गाडीच्या बाबतीत नव्याने रंगवण्यापूर्वी थांबून विचार करावा. कारखान्यातला मूळ रंग, हाताने ओढलेल्या सोनेरी रेषा आणि जुने ट्रान्सफर (कागदावरून उतरवलेली चिन्हे व अक्षरे) एकदा घासले गेले की ती गाडी कितीही चकाकली तरी त्या अर्थाने मूळची राहत नाही. संग्राहक आणि संग्रहालये म्हणूनच विटलेला पण अस्सल रंग जपणे अनेकदा पसंत करतात. तिथे सौम्य धुणे आणि मेणाचा पातळ हात एवढेच पुरते. रंगवणे अटळच असेल, तर टाकीवरचा बिल्ला काढून त्याखाली पाहावे. तिथे ऊन न लागलेला रंगाचा तुकडा बहुधा शिल्लक असतो, आणि छटा त्याच्याशीच जुळवावी.