पार्श्वभूमी : गेम इंजिनं फुकट झाली, करार बदलत राहिले

युनिटी, अनरिअल आणि गोडो या गेम इंजिनांची, म्हणजे गेम बनवायच्या तयार सॉफ्टवेअरची, तुलना निघाली की बोलणं लगेच ग्राफिक्सवर आणि प्रोग्रामिंगच्या भाषेवर जातं. एकट्याने किंवा चौघांत मिळून गेम करणाऱ्यांना मात्र यांतल्या कुठल्याही इंजिनाची ताकद सहसा पुरून उरते. खरा फरक पैसे कोण, कधी आणि कशावर मागणार यात आहे, आणि ती अट गेल्या वीस वर्षांत वारंवार बदलली आहे.

१९९०च्या दशकात इंजिन ही बड्या स्टुडिओंनी एकमेकांना विकायची वस्तू होती. इड सॉफ्टवेअरचं क्वेक (१९९६) किंवा एपिकचं अनरिअल (१९९८) यांचं लायसन्स घेणं हौशी माणसाच्या आवाक्यात नव्हतं. त्याच्यासाठी १९९९मध्ये मार्क ओव्हरमार्स यांनी नेदरलँड्समध्ये सुरू केलेलं गेममेकर होतं, फ्लॅश होतं आणि २००६पासून मायक्रोसॉफ्टचं एक्सएनए हे गेम लिहायचं साधन. टेरेरिया आणि स्टार्ड्यू व्हॅली हे गेम एक्सएनएवर उभे राहिले. २०१३मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सएनए पुढे न्यायचं नाही असं जाहीर केलं. तरीही ते गेम अडकून पडले नाहीत, कारण मोनोगेम आणि एफएनए या मुक्त प्रकल्पांनी तोच एपीआय, म्हणजे गेमच्या कोडने वापरायच्या आज्ञांचा संच, नव्याने लिहून काढला होता. स्टार्ड्यू व्हॅली २०२१मध्ये मोनोगेमवर गेला.

युनिटीचा जन्म कोपनहेगनचा. ओव्हर द एज एंटरटेनमेंट या छोट्या कंपनीने २००५मध्ये गूबॉल नावाचा गेम काढला. तो चालला नाही, म्हणून तो बनवायचं हत्यारच विकायला काढलं, तेही सुरुवातीला फक्त मॅकवर. २००८मध्ये आयफोनची सोय झाली, २००९मध्ये विंडोजवरचा एडिटर आला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मूळ आवृत्ती फुकट झाली. पुढच्याच महिन्यात एपिकने यूडीके ही अनरिअलची आवृत्ती फुकट दिली, पण पहिल्या ५ हजार डॉलरनंतर २५ टक्के रॉयल्टी लावली. २०१४मध्ये अनरिअल ४ साठी महिना १९ डॉलर अधिक ५ टक्के असा दर झाला, २०१५मध्ये मासिक वर्गणी गेली आणि २०२०मध्ये प्रत्येक गेमच्या पहिल्या १० लाख डॉलरवरची रॉयल्टी माफ झाली. फोर्टनाइट या स्वतःच्या गेमची कमाई हाताशी असलेल्या एपिकला हा दिलदारपणा परवडत होता.

अनरिअलचा ५ टक्क्यांचा हिशेब मात्र नीट वाचावा. रॉयल्टी एकूण विक्रीवर लागते, स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाने आपले ३० टक्के कापण्याआधी. १२ लाख डॉलरची विक्री झाली तर वरच्या २ लाखांचे १० हजार द्यावे लागतात. त्या २ लाखांतले हातात येतात १ लाख ४० हजार, म्हणजे खरा दर ७ टक्क्यांच्या वर जातो.

युनिटीकडे स्वतःचा कमावता गेम नव्हता. पैसा यायचा वर्गण्यांतून आणि मोबाइल जाहिरातींतून. २०२०मध्ये कंपनी शेअर बाजारात गेली तीही तोट्यात असताना, आणि २०२२मध्ये तिने आयर्नसोर्स ही जाहिरात कंपनी स्वतःत विलीन केली. १२ सप्टेंबर २०२३ रोजी तिने 'रनटाइम फी' जाहीर केली. वर्षाला २ लाख डॉलर कमाई आणि एकूण २ लाख इन्स्टॉल ओलांडलेल्या गेमला पर्सनल या फुकट लायसन्सवर दर नव्या इन्स्टॉलमागे २० सेंट. भारतासारख्या देशांसाठी दर २ सेंट होता. फुकट गेमचं गणित इथेच कोसळत होतं. वर्षाला अडीच लाख डॉलर मिळवणाऱ्या गेमचे महिन्याला एक लाख इन्स्टॉल पूर्ण दराच्या देशांतून आले, तर फी २ लाख ४० हजार.

रकमेपेक्षाही मोठं दुखणं म्हणजे ही फी जुन्या आवृत्तीवर आधीच बाजारात आलेल्या गेमनाही लागणार होती. २०१९मध्ये इम्प्रॉबेबल कंपनीशी झालेल्या वादानंतर युनिटीनेच लिहून दिलं होतं की जुन्या आवृत्तीवर राहणाऱ्याला जुन्याच अटी लागू राहतील. नंतरच्या मसुद्यांतून ते कलम गळलं, आणि अटींतले बदल दाखवणारी गिटहब या कोड ठेवायच्या साइटवरची नोंदही हटवली गेली. दहा दिवसांत फी बरीच सौम्य झाली, ऑक्टोबरमध्ये सीईओ जॉन रिचितिएलो पायउतार झाले आणि सप्टेंबर २०२४मध्ये फी रद्दच झाली. बदल्यात २०२५मध्ये प्रो या पैसे भरून घ्यायच्या लायसन्सची सीट, म्हणजे एका माणसाचा परवाना, वर्षाला २,२०० डॉलर झाली. पर्सनलची मर्यादा २ लाख डॉलर आहे, पण तिच्यात कमाईबरोबर उभारलेला निधीही मोजतात. प्रकाशकाची उचल घेतली आणि गेम अजून विकलाच नाही, तरी प्रो घ्यायची वेळ येऊ शकते.

या गदारोळात बरेच लोक गोडोकडे वळले. ब्युनोस आयर्सच्या हुआन लिनिएत्स्की आणि एरिएल मंझूर यांनी स्वतःच्या कामासाठी बांधलेलं हे इंजिन फेब्रुवारी २०१४मध्ये एमआयटी या मुक्त लायसन्सखाली खुलं झालं. रॉयल्टी नाही, फक्त लायसन्सचा मजकूर गेमसोबत द्यायचा. हाती आलेल्या आवृत्तीचा हक्क कुणी काढून घेऊ शकत नाही. किंमत दुसरीकडे मोजावी लागते. निन्टेंडो, सोनी यांचे एसडीके, म्हणजे त्यांच्या कन्सोलसाठी गेम बनवायची साधनं, गुप्ततेच्या कराराखाली असल्याने खुल्या कोडमध्ये ठेवता येत नाहीत, त्यामुळे कन्सोलसाठी डब्ल्यू४ गेम्ससारखी कंपनी किंवा पोर्ट करणारा, म्हणजे गेम दुसऱ्या यंत्रावर नेऊन देणारा, स्टुडिओ गाठावा लागतो. मार्च २०२३च्या गोडो ४ने जुना कोडही बराच मोडला. कोडमधली नावंच बदलली: 'किनेमॅटिक बॉडी'ची 'कॅरेक्टर बॉडी' झाली, 'यील्ड'च्या जागी 'अवेट' आलं. निम्मा झालेला प्रकल्प ३ वरून ४ वर नेण्यापेक्षा ३ वरच संपवणं बहुधा स्वस्त पडतं.

मराठीत गेम करायचा असेल तर कराराआधी अक्षरं तपासावीत. 'कि'मधली वेलांटी साठवली जाते 'क'नंतर, पण दाखवायची असते आधी. ही जुळवणी करणारा भाग इंजिनात नसेल तर वेलांटी भलतीकडे जाते आणि जोडाक्षरं हलन्तासकट सुटी दिसतात. युनिटीच्या टेक्स्टमेशप्रोमध्ये नेमकं हेच होतं. त्यावर जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टची पळवाट काढली, तर शोध आणि खेळाडूने टाइप केलेला मजकूर दोन्ही बिघडतात. अनरिअल त्यासाठी हार्फबझ ही लायब्ररी वापरतं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२०चा 'राजी' याच इंजिनावर केला होता, तेव्हा ते फक्त बड्यांचं राहिलेलं नाही. गोडो ३मध्ये ही जुळवणी नव्हती. गोडो ४मध्ये ती आहे, पण फाइल लहान करायला स्वतः बिल्ड करताना प्रगत टेक्स्ट सर्व्हर हा तिचा भाग वगळला तर ती पुन्हा जाते. चाचणीला 'किल्ला', 'दुसऱ्या', 'श्रेष्ठत्व' आणि 'कीर्ती' हे चार शब्द पुरतात, आणि ते एडिटरमध्ये नव्हे तर एक्स्पोर्ट केलेल्या गेममध्ये, फोनवर पाहावेत.