सीडी ट्रान्सपोर्ट

सीडी ट्रान्सपोर्ट : कॉम्पॅक्ट डिस्क फिरवून तिच्यावरील संकेत वाचणारे व ते डिजिटल स्वरूपातच बाहेर देणारे उपकरण. साध्या सीडी प्लेअरमध्ये वाचनयंत्रणा व डॅक (अंकीय-सदृश परिवर्तक, म्हणजे डिजिटल संकेताचे ॲम्प्लिफायरला चालेल अशा विद्युत संकेतात रूपांतर करणारा भाग) एकाच पेटीत असतात. ट्रान्सपोर्टमध्ये डॅक नसतो, त्यामुळे तो नुसत्या ॲम्प्लिफायरला जोडून आवाज येत नाही. अलीकडच्या बऱ्याच इंटिग्रेटेड ॲम्प्लिफायरांत डॅक आधीपासून असतो. अशा घरी वेगळा डॅक घ्यावा लागत नाही.

फिलिप्स व सोनी यांनी सीडीचे मानक १९८० मध्ये ठरवले आणि १ ऑक्टोबर १९८२ रोजी सोनीचा सीडीपी-१०१ जपानमध्ये विक्रीस आला. दोन पेट्यांत विभागलेला पहिला प्लेअर कोणता, याविषयी एकवाक्यता नाही. हा मान सामान्यतः ब्रिटनमधील केंब्रिज ऑडिओच्या सीडी१ ला (सु. १९८५) दिला जातो. सोनीचा डीएएस-७०२ईएस हा स्वतंत्र डॅकही त्याच सुमाराचा. परंतु त्याच्या जोडीचा सीडीपी-५५२ईएसडी हा स्वतःचा डॅक असलेला पूर्ण प्लेअर होता. काटेकोर व्याख्या लावली तर त्याला ट्रान्सपोर्ट म्हणता येत नाही. सोनीचीच सीडीपी-आर१ व डीएएस-आर१ ही जोडी (सु. १९८७) मात्र या व्याख्येत निःसंशय बसते. डॅकमधील घड्याळाचा (बिट्सची वेळ ठरवणाऱ्या नियमित स्पंदांचा) संकेत उलट दिशेने ट्रान्सपोर्टकडे पाठवण्याची सोय तीत होती. बिट्स नेमक्या वेळी पोहोचण्याविषयी पुढे उद्भवलेल्या वादाचे मूळ अभियंत्यांनी तेव्हाच ओळखले होते, हे त्यावरून दिसते.

वाचनयंत्रणा : सीडीवरील सर्पिल मार्ग आतून बाहेर जातो. त्याच्या लगतच्या वेढ्यांत १.६ मायक्रोमीटर अंतर असते व वाचणाऱ्या लेसरची तरंगलांबी ७८० नॅनोमीटर असते. मार्गाचा रेषीय वेग सेकंदाला १.२ ते १.४ मीटर या मर्यादेत स्थिर ठेवावा लागतो. म्हणून चकती आरंभी मिनिटाला सुमारे ५०० आणि कडेजवळ सुमारे २०० फेरे घेते. फिलिप्सच्या सुरुवातीच्या यंत्रणांत (सीडीएम-१, सीडीएम-४ इ.) भिंग एका झुलत्या बाहूवर बसवलेले असून ते कमानीत सरकते. सोनीने सरळ रुळांवरून सरकणारी, तीन किरणांची रचना वापरली. फिलिप्सही सीडीएम-१२ पासून सरळ सरकत्या रचनेकडे वळली. झुलत्या बाहूच्या यंत्रणांना आजही मोठा चाहता वर्ग आहे. त्यांतील ओतीव धातूच्या सांगाड्याची सीडीएम-१ टिकाऊपणात खरोखर सरस मानावी लागते. तिच्या ध्वनीविषयीचे दावे मात्र मोजमापाने सिद्ध झालेले नाहीत. टीॲकच्या व्हीआरडीएस रचनेत चकती तिच्याच आकाराच्या थाळीला दाबून धरली जाते, पायोनिअरच्या स्टेबल प्लॅटरमध्ये ती छापील बाजू खाली करून ठेवतात, तर सीईसीने पट्ट्याने फिरणारी यंत्रणा आणली. चकतीची थरथर कमी करणे हा या रचनांमागील मुख्य हेतू होय.

संकेतांची अचूकता : सीडीवरील माहिती सीआयआरसी या त्रुटिनिवारक पद्धतीने विखरून लिहिलेली असते. त्यामुळे मार्गाच्या लांबीत सुमारे २.५ मिमी.पर्यंतचा सलग बिघाड पूर्ण दुरुस्त होतो. त्यापलीकडे शेजारच्या मूल्यांवरून अंदाज बांधून पोकळी भरली जाते. सुस्थितीतील चकती स्वस्त व महाग या दोन्ही ट्रान्सपोर्टमधून सामान्यतः तेच बिट्स देते. बाहेर पडलेला संकेत संगणकात नोंदवून मूळ फाइलशी ताडून पाहता येतो.

मग फरक कशाचा? बिट्स ज्या क्षणी पोहोचायला हवेत त्याच्या किंचित अलीकडे-पलीकडे पोहोचतात. या कालविचलनाला जिटर म्हणतात. घरगुती जोडणीच्या एसपीडिफ पद्धतीत माहिती व घड्याळ एकाच तारेतून जातात आणि डॅकला ते घड्याळ येणाऱ्या संकेतातूनच वेगळे काढावे लागते. ४४.१ किलोहर्ट्‌झच्या संकेतात सर्वांत अरुंद स्पंद सुमारे १७७ नॅनोसेकंदांचा असतो. क्रिस डन व माल्कम हॉक्सफर्ड यांनी १९९२ मध्ये दाखवले, की जोडणीची बँडविड्थ (वाहून नेता येणारा वारंवारतांचा पट्टा) अपुरी असेल तर जिटर खुद्द माहितीवर अवलंबून बदलतो. म्हणजे संगीतच आपल्या घड्याळाला हलवते. उत्तम ट्रान्सपोर्टचा आग्रह धरणारे या निष्कर्षाचा आधार घेतात. उलट बेंजामिन व गॅनन यांच्या १९९८ मधील चाचण्यांत एकाच वारंवारतेच्या चाचणी-स्वरात सर्वांत प्रतिकूल स्थितीत सुमारे १० नॅनोसेकंद, तर संगीतात २० नॅनोसेकंद वा अधिक जिटर असल्यावरच तो ऐकू आला. आशिहारा व सहकाऱ्यांना २००५ मध्ये यादृच्छिक जिटरची श्राव्य मर्यादा काहीशे नॅनोसेकंद इतकी वर आढळली. आजच्या नीट बांधलेल्या उपकरणांतील जिटर याहून पुष्कळच कमी असतो. दोन्ही पक्षांचे म्हणणे आपापल्या जागी बरोबर आहे, पण खरेदीदाराच्या दृष्टीने दुसरे अधिक ग्राह्य वाटते, विशेषतः डॅक येणारा संकेत स्मृतीत साठवून स्वतःच्या घड्याळाने पुन्हा सोडत असेल तर. जुना, अशी सोय नसलेला डॅक असल्यास ट्रान्सपोर्टच्या आउटपुट मंडलाकडे अधिक लक्ष द्यावे.

निवड : कोॲक्सियल (७५ ओहम) आणि ऑप्टिकल हे दोन आउटपुट बहुतेक ट्रान्सपोर्टवर असतात. ऑप्टिकल केबल वीज वाहत नसल्याने दोन उपकरणांच्या अर्थिंगमुळे येणारी गुणगुण तिच्यातून शिरत नाही. गुणगुणीचा त्रास असलेल्या घरी तीच आधी लावून पाहावी. एईएस/ईबीयू (व्यावसायिक उपकरणांची जोडणी, ११० ओहम) व एचडीएमआय केबलवरून जाणारा आयटूएस हे आउटपुट महागड्या उपकरणांवर आढळतात. आयटूएसमध्ये घड्याळ स्वतंत्र तारेने जाते. पण एचडीएमआयच्या पिनांची मांडणी प्रत्येक कंपनीची सारखी नसल्याने डॅकशी जुळते का, ते आधी तपासावे.

प्रीएम्फॅसिस ही बाब सहसा दुर्लक्षित राहते. १९८० च्या दशकातील, विशेषतः जपानी छपाईच्या काही सीडींवर उच्च वारंवारतांचा भाग उचलून नोंदवलेला आहे आणि वाजवताना तो पुन्हा खाली आणावा लागतो. त्याची खूण ट्रान्सपोर्टने डॅककडे पोहोचवायची असते. काही चकत्यांत ती चकतीच्या अनुक्रमणिकेत नसून फक्त उपसंकेतात (संगीतासोबत नोंदलेल्या साहाय्यक माहितीत) असते, तर काही नव्या डॅकमध्ये ती पाळण्याची सोयच नसते. परिणामी तंबोरा कर्कश वाजतो आणि दोष भलत्याच ठिकाणी शोधला जातो.

घेण्यापूर्वी ७० मिनिटांहून मोठी सीडी लावून शेवटचा ट्रॅक ऐकावा. चकतीच्या वाकडेपणाचा त्रास कडेजवळच अधिक होतो. विलंबित ख्याल व द्रुत बंदिश वेगळ्या ट्रॅकवर असलेली, पण मध्ये न थांबणारी मैफिलीची सीडीही लावावी. ट्रॅक बदलताना तबल्याची मात्रा तुटता कामा नये. घरी लिहिलेल्या सीडी असतील तर त्याही सोबत न्याव्यात; पुनर्लेखनीय सीडीचे परावर्तन छापील सीडीपेक्षा फारच कमी असते. एसएसीडी (सीडीनंतरचा, अधिक तपशिलाच्या नोंदीचा प्रकार) व सीडी असे दोन्ही थर असलेल्या संकरित चकतीचा फक्त सीडीचा थर ट्रान्सपोर्ट वाचतो.

अलीकडच्या उपकरणांत केंब्रिज ऑडिओ सीएक्ससी (ट्रे), ऑडिओलॅब ६०००सीडीटी (स्लॉट, आगाऊ वाचन करणारी स्मृती) आणि प्रो-जेक्ट सीडी बॉक्स आरएस२ टी (वरून चकती ठेवण्याची रचना, आयटूएस) ही उल्लेखनीय होत.

यंत्रणेचे सुटे भाग : लेसर पिकअप हा झिजणारा भाग आहे, म्हणून तो पुढे मिळेल का हा प्रश्न ध्वनीच्या चर्चेआधी विचारायला हवा. फिलिप्सच्या सीडी-प्रो२ या वाचनयंत्रणेचे उत्पादन थांबल्यावर तिच्यावर उभी असलेली अनेक महागडी यंत्रे दुरुस्तीवाचून अडली. सोनीच्या केएसएस-२१३ सारखे पिकअप अजून मिळतात, पण त्यांत नकला बऱ्याच आहेत. जुना झुलत्या बाहूचा ट्रान्सपोर्ट हलवताना वाहतुकीचा लॉक-स्क्रू असल्यास तो कसावा. जपानी बाजारातून आलेले जुने यंत्र सहसा १०० व्होल्टचे असते. भारतात ते स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय २३० व्होल्टच्या प्लगात लावल्यास वीजपुरवठ्याचे मंडल जळते.